आमच्या विहिरींचें पाणी : त्याचें माप आणि त्याची पारख

बैल विकत घेतांना आपण शेतकरी लोक त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों, आणि मगच पैशाची गोष्ट काढतों. बियाणें घेतांना मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतों. जमीन घेतांना तर सातबारा, फेरफार, नकाशा आणि चतुःसीमा तपासल्यावांचून कोणी शहाणा मनुष्य इसार देत नाहीं. परंतु जें पाणी आपण, आपलीं मुलेंबाळें आणि आपलीं गुरें जन्मभर पितात, त्याची पारख मात्र आपण दोनच गोष्टींवरून करतों. तें डोळ्यांस निवळ दिसलें आणि जिभेस गोड लागलें, कीं झालें ! ही पारख अपुरी आहे, आणि दिवसेंदिवस अधिकच अपुरी होत चालली आहे, हें वाचकांच्या नजरेस आणावें एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखक कोणी शास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मराठी सातव्या इयत्तेपर्यंत. नोकरी महसूल खात्यांत, कारकुनाची. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं सेवानिवृत्त होऊन लाखनी तालुक्यांतील आपल्या गांवीं घरची धानाची शेती पाहत आहे. नोकरीच्या काळांत शेंकडों गांवचीं दप्तरें हाताखालून गेलीं. जमिनीचें क्षेत्र गुंठ्यापर्यंत, आकार पैशापर्यंत, पीक हंगामवार आणि झाडें नगवार, असें सर्व कांहीं त्यांत नमूद असे. विहीर आहे किंवा नाहीं, हेंही लिहिलेलें असे. परंतु त्या विहिरीचें पाणी वैशाखांत किती खोल जातें, आणि तें पिण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें कोठेंही लिहिलेलें आढळलें नाहीं. त्या वेळीं ही उणीव माझ्याही ध्यानांत आली नाहीं. ती घरच्याच एका प्रसंगानें ध्यानांत आली. तो प्रसंग प्रथम सांगतों.

दोन वर्षांपूर्वीं आमची मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. मुलगी झाली. आईस दूध पुरेसें येईना, म्हणून बाळास भुकटीचें दूध देणें भाग पडलें. आमच्या घरीं परसांत वडिलांच्या वेळची बांधीव विहीर आहे. तिचें पाणी गांवांत गोड म्हणून नांवाजलेलें. नळाचें पाणी एक दिवसाआड येई, सबब विहिरीचेंच पाणी गाळून, चांगलें खळखळ उकळून, त्यांत भुकटी कालवीत असूं. आपण सर्व काळजी घेतली, असा आम्हांस अभिमान होता. एके दिवशीं आशाताई बाळाचें वजन करावयास आल्या. त्यांनीं विचारलें, "काकाजी, बाळाच्या दुधाला पाणी कोणतं घेता ?" मीं विहिरीकडे बोट दाखविलें. त्यांची नजर विहिरीवरून तिच्या पलीकडच्या उकिरड्याकडे गेली. त्या म्हणाल्या, "उकळून जंतू मरतात काकाजी, पण पाण्यात विरघळलेलं खत काही मरत नाही. आधी पाणी तपासून घ्या, तोवर नळाचंच द्या."

पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणीं प्रयोगशाळेंत पाठविला. अहवाल आला, त्यांत नायट्रेटचें प्रमाण मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होतें. विहिरीपासून उकिरडा अवघा बारा पावलांवर, गुरांचा कोठा पंधरा पावलांवर, आणि दोन्ही विहिरीच्या चढाच्या अंगास. तीस वर्षें शेणामुताचें पाणी मुरत मुरत त्या विहिरींत उतरत होतें, आणि आम्ही त्यास गोड पाणी म्हणत होतों. यांत दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं, आमचाच आहे. बाळास कांहीं इजा झाली नाहीं, हा ईश्वराचा प्रसाद आणि त्या आशाताईंचे उपकार होत.

या नायट्रेटचा धोका प्रथम जगापुढें आला तो शेतकऱ्यांच्याच विहिरींवरून. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हंटर कॉमली नांवाच्या डॉक्टरांनीं १९४५ सालीं असें दाखवून दिलें कीं, शेतावरील विहिरीच्या पाण्यांत कालविलेलें दूध पाजल्यामुळें तान्हीं मुलें निळीं पडत होतीं. नायट्रेटचें पोटांत रूपांतर होऊन तें रक्तास बाधतें, आणि प्राणवायु वाहून नेण्याची रक्ताची शक्ति क्षीण होते. सहा महिन्यांच्या आंतील मुलांस हा धोका विशेष. आईच्या अंगावर पिणाऱ्या मुलास तो फारसा नाहीं. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकांत दर लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा घातलेली आहे. आणि पाणी उकळल्यानें हें द्रव्य जात तर नाहींच, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें, हें मातांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

हें झालें वरून खालीं उतरणाऱ्या दोषाविषयीं. दुसरा एक दोष खालून वर येतो. तो समजण्यासाठीं आपल्या जमिनीच्या पोटांत काय आहे, हें थोडें पाहिलें पाहिजे.

आपला भंडारा जिल्हा बहुतांशीं फार प्राचीन, कठीण खडकाचा आहे. वैनगंगेच्या कांठीं गाळाची माती आढळते. परंतु इतरत्र थोड्या मातीखालीं कुजलेला मुरूम, त्याखालीं भेगाळलेला खडक आणि त्याखालीं अखंड शिळा, अशीच रचना सामान्यतः आढळते. पाणी सांठतें तें मुख्यत्वें या मुरमांत आणि भेगांत. जमिनीखालीं नदी वाहते किंवा मोठें तळें आहे, ही समजूत चुकीची होय. अशा मुरमाच्या शंभर घागरी घेतल्या, तर त्यांतून एक ते तीन घागरीच पाणी हातीं लागतें.

आतां थोडा हिशेब करूं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सुमारें तेराशें मिलिमीटर. म्हणजे एका हेक्टरावर सुमारें एक कोटि तीस लक्ष लिटर पाणी पडतें. भूजलाचा अंदाज करण्यासाठीं १९९७ सालीं जी पद्धति सरकारनें ठरवून दिली, तींत अशा खडकाच्या मुलखांत पावसापैकीं शेंकडा आठ ते अकरा भाग जमिनींत मुरतो, असें धरलें आहे. त्याप्रमाणें हेक्टरी दहा ते चौदा लक्ष लिटर पाणी आपल्या खात्यांत जमा होतें. आतां खर्चाची बाजू पहा. उन्हाळी धानास हेक्टरी सुमारें एक कोटि वीस लक्ष लिटर पाणी लागतें. त्यांतील निम्में बांधींतून पुनः जमिनींत मुरलें असें धरलें, तरीही एका हेक्टराचें उन्हाळी धान निदान चार हेक्टरांची वर्षाची जमा खाऊन जातें. शिवाय परत मुरणारें तें पाणी एकटें जात नाहीं. युरियाचा अंश बरोबर घेऊन जातें. ज्या गांवांत उन्हाळी धान विहिरींवर आणि बोअरवर वाढत आहे, त्या गांवानें हा हिशेब आपल्या चावडीवर एकदां अवश्य मांडून पाहावा.

जमेची बाजू तरी पूर्वींसारखी राहिली आहे काय ? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी तपासून २००६ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, मध्य भारतांत पावसाळ्याची एकूण बेरीज फारशी बदललेली नाहीं; परंतु मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. त्याच संस्थेंतील रॉक्सी कोल यांनीं सहकाऱ्यांसह २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांतील विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढल्याचें दाखविलें आहे. पृथ्वीची हवा व समुद्र तापत आहेत, त्याचाच हा परिणाम होय.

वर्षाची बेरीज तीच असेल तर बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपल्या मुरमाचें भांडें लहान आहे. तें दोन दिवसांच्या धुवांधार पावसानें कांठोकांठ भरतें, आणि पुढचें सर्व पाणी नाल्यानें वैनगंगेस जाऊन मिळतें. पुढें तीन आठवडे उघडीप पडली कीं, शेतकरी धान वांचविण्यासाठीं त्याच भांड्यांत मोटार सोडतो. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा महापूर भंडारा शहरांत व कांठच्या गांवांत शिरला, तो आपण सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. पुराचें पाणी विहिरींत शिरलें म्हणजे घाणही शिरते, आणि हगवणीची सांथ तिच्या पाठोपाठ येते. अशा वेळीं विहीर उपसून, ब्लीचिंग पावडरीनें शुद्ध केल्याखेरीज तिचें पाणी पिऊं नये. एवंच, पाणी फार झालें तरी रोग आणि कमी झालें तरी रोग, अशी ही अवस्था आहे.

पाणी कमी झाल्यानें रोग कसा, तें आतां सांगतों. उथळ विहीर आटली कीं आपण बोअर मारतों. शंभर फुटांस लागलें नाहीं तर दोनशें, दोनशेंस नाहीं तर तीनशें. खोल भेगांतील हें पाणी वर्षांनुवर्षें खडकाशीं लगटून राहिलेलें असतें. ग्रॅनाइट जातीच्या खडकांत कांहीं खनिजें अशीं आहेत कीं त्यांत फ्लोराइड नांवाचें द्रव्य असतें. खडकाचा सहवास जितका दीर्घ, तितकें तें पाण्यांत अधिक उतरतें. पाण्यांत चुन्याचा अंश भरपूर असला तर तो फ्लोराइडला आवरून धरतो. परंतु हा चुना कंकराच्या रूपानें बाहेर पडून गेला, म्हणजे फ्लोराइडला मोकळें रान मिळतें. अशा पाण्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं.

आपल्या देशांत या द्रव्याचा रोग प्रथम ओळखला गेला तो १९३७ सालीं, त्या वेळच्या मद्रास इलाख्यांत, नेल्लोरच्या बाजूस. तेथील शेतकऱ्यांच्या पाठी ताठून गेल्या होत्या. पुढें अनेक प्रांतांत तो आढळला. आपल्या विदर्भांतच, यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा भागांतील भूजलाचा अभ्यास भूशास्त्रज्ञांनीं केला. त्यांत नागपूर विद्यापीठाचे दीपक मालपे हेही होते, आणि त्यांचा निबंध २००७ सालीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. विहिरीविहिरींचे नमुने घेऊन, कोणत्या खडकांतून कोणतें पाणी येतें याचा मेळ त्यांनीं घातला. या अभ्यासापासून आपण घ्यावयाचा बोध असा कीं, रोग्यास तपासण्यापूर्वीं त्याच्या विहिरीचा खडक तपासावा. दोन विहिरी एकाच गांवांत, हांकेच्या अंतरावर असूनही एकीचें पाणी निर्दोष आणि दुसरीचें सदोष असूं शकतें. यास्तव शेजाऱ्याच्या अहवालावर आपण निर्धास्त राहूं नये.

फ्लोराइडची मर्यादा आपल्या मानकांत दर लिटरमागें एक मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा उपाय नसल्यास दीडपर्यंत चालवून घेतात. त्याहून अधिक पाणी लहानपणीं पोटांत गेलें तर नव्या येणाऱ्या दांतांवर पांढरे, पिंवळे किंवा तपकिरी पट्टे उमटतात, आणि ते पुनः जात नाहींत. पुष्कळ अधिक प्रमाण अनेक वर्षें पोटांत गेल्यास सांधे धरतात, कणा ताठतो, आणि कर्ता मनुष्य निंदणी-कापणीस निरुपयोगी होतो. अशा मनुष्यास आपण वाताचा रोगी समजून तेल चोळीत बसतों, आणि तो त्याच बोअरचें पाणी पीत राहतो !

येथें उष्णतेचाही संबंध येतो. गॅलागन आणि व्हर्मिलियन या अमेरिकन संशोधकांनीं १९५७ सालीं असें दाखविलें कीं, जसजशी हवा उष्ण तसतसें मुलांचें पाणी पिणें वाढतें, म्हणून उष्ण मुलखांत फ्लोराइडचें प्रमाण थंड मुलखापेक्षां कमीच असलें पाहिजे. हें तत्त्व आपणांस तर अधिकच लागू आहे. ज्येष्ठांत बांधीवर राबणारी मजूर स्त्री थंड देशांतील माणसाच्या कितीतरी पट पाणी पिते. उन्हाळा कडक होत जाईल, तितकें तिचें पाणी वाढेल, आणि पाण्याबरोबर त्यांतील दोषही वाढेल. कागदावर निर्दोष ठरलेलें पाणीही अशा शरीरास पुरतें निर्दोष असेलच, असें नाहीं.

उपाय नाहींत असें मात्र नव्हे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सर्व लोक 'नीरी' या नांवानें ओळखतात, तिनें तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर यांच्या योगें फ्लोराइड खालीं बसविण्याची रीत शोधून काढली आहे. ती 'नालगोंडा पद्धत' या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु ती रोजची खटपट आहे, आणि तिचें प्रमाण जाणत्या माणसानें ठरवावें लागतें. त्यापेक्षां सोपा मार्ग म्हणजे पिण्यासाठीं निर्दोष विहीर निवडून ती राखणें, आणि पावसाचें ताजें पाणी जमिनींत उतरवून खालचें पाणी सौम्य करणें, हा होय. आणि या दुसऱ्या कामाचें साधन तर आपल्या पूर्वजांनीं आपल्या हातीं आयतेंच ठेवलें आहे.

हें साधन म्हणजे आपले तलाव. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाच्या लोकांनीं या मुलखांत पाळी घालून जे तलाव व बोड्या बांधल्या, त्यांच्यावर आपला धान उभा आहे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट होऊन १९५१ पासून हे तलाव सरकारकडे गेले, आणि माजी मालगुजारी तलाव या नांवानें दप्तरांत राहिले. मालगुजाराचा जाच गेला, हें उत्तमच झालें. परंतु दरवर्षीं गांवानें मिळून पाळ बांधावी, तुडुम साफ करावें, ही वहिवाटही त्याबरोबर ढिली पडली. तळांत गाळ सांचला, कांठांस बेशरम माजली, आणि कित्येक ठिकाणीं तलावाच्या पोटांत शेतीही शिरली.

हे तलाव केवळ पाटानें पाणी देतात असें नव्हे. ते विहिरींचेही धनी आहेत. वर सांगितलेल्या १९९७ च्या पद्धतींत तलावाच्या तळांतून दररोज १.४ मिलिमीटर पाणी झिरपतें, असें धरलें आहे. एक हेक्टर पसाऱ्याचा तलाव सहा महिने भरलेला राहिला, तर पंचवीस लक्ष लिटर पाणी भूगर्भांत उतरतें. म्हणजे उघड्या शेताच्या जवळजवळ दुप्पट! आणि तें पावसाचें, खडकाशीं न रुळलेलें पाणी असतें. अर्थात् तलावांतही घाण सोडली तर तीच खालीं उतरेल, हें सांगणें नलगे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढीवर बांधवांच्या साह्यानें बेशरम काढून, तलावांत देशी पाणवनस्पती पुनः लावण्याचें काम केलें आहे, तें पाहून येण्यासारखें आहे.

आतां मुख्य सूचना. प्रत्येक गांवानें आपल्या विहिरींची एक वही घालावी. तींत प्रत्येक विहिरीचें व बोअरचें नांव, खोली, चढास काय आहे व उतारास काय आहे, हें एकदां लिहावें. नंतर वर्षांतून दोन वेळां, वैशाखांत आणि दिवाळीच्या सुमारास, दोरीस दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी व ती लिहावी. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. आपण आपल्या सर्व विहिरींची दोनदां मोजली, तर कांहीं फार झालें नाहीं. पिण्याच्या प्रत्येक विहिरीचें पाणी पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासून फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतु या तीन गोष्टींचा निकाल त्याच वहींत उतरावा. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन योजनेंत गांवोगांवच्या स्त्रियांस पाणी तपासण्याची पेटी व शिक्षण देण्याची व्यवस्था झाली. त्या भगिनींस बोलावून घ्यावें, आणि शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेंत पाठवावा. सदोष विहिरीवर तांबड्या रंगाची खूण करावी. तिचें पाणी शेतास चालेल, पिण्यास नको. उकिरडा, कोठा व संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या अंगास असावा.

राज्याच्या २००९ सालच्या भूजल कायद्यांतही विहिरींची नोंदणी करण्याची व साठ मीटरपेक्षां खोल बोअरांस आळा घालण्याची तरतूद आहे. परंतु कायदा दप्तरांत असतो आणि पाणी विहिरींत असतें. या दोहोंची गांठ गांवानेंच घालून दिली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवाकडे पहा. आपल्या एक-तृतीयांशाच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गांवानें शेतीसाठीं बोअर मारणें बंद केलें, आणि दरवर्षीं पाण्याचा जमाखर्च मांडून पीक ठरविण्याचा रिवाज पाडला. ज्यांच्या घरीं थोडें, त्यांनीं हिशेब ठेवला. आमच्या घरीं पुष्कळ, म्हणून आम्ही ठेवला नाहीं. सावकाराच्या वहीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास, हिशेब न ठेवणाराचें पुढें काय होतें हें सांगावयास नको.

आमच्या घरचें सांगावयाचें तर, उकिरडा शेताकडे हलविला, कोठ्याची मोरी बांधून तिचें पाणी उतारास काढलें, विहिरीस कठडा व ओटा घातला. दोन पावसाळे गेले. वैशाखांतील अहवालांत नायट्रेट पूर्वींहून उतरलें आहे, परंतु अद्याप मर्यादेच्या वरच आहे. तीस वर्षांत मुरलेलें दोन वर्षांत निघत नाहीं. तोंवर नात येते तेव्हां तिच्यासाठीं नळाचें पाणी वेगळ्या माठांत भरून ठेवतों. आमच्या वहीचें पहिलें पान त्या विहिरीचें आहे, आणि त्यावर तांबडी खूण आहे. गांवांतील आणखी अकरा विहिरींचीं पानें भरलीं आहेत. वाचकांपैकीं ज्यांस आपल्या गांवीं अशी वही घालावयाची असेल, त्यांनीं येत्या वैशाखाची वाट न पाहतां आजच दोरीस दगड बांधावा, इतकीच विनंति करून हा लेख पुरा करतों.